वाचून दाखवले, हरकत नाही

तुम्ही कधी एखाद्या सरकारी सभेचं इतिवृत्त शेवटच्या ओळीपर्यंत बसून ऐकलं आहे का? खरं सांगा. भाषणं नव्हेत, आभार नव्हेत. सगळं संपल्यावर कारकून खाली मान घालून जे वाचतो, ते. मीही ऐकलं नव्हतं. आणि मी लोकांना त्यांचे हक्क समजावणारी पत्रकं लिहिते. आमच्या घरी वडील पत्रकं छापून आणायचे, आई आणि मी घड्या घालायचो. 'जागे व्हा' हे शब्द मी बाराखडीच्या आधी ओळखत होते म्हणा ना. तर जागं असणं म्हणजे काय, हे मला कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका पंगतीत बसल्यावर कळलं.

ऑक्टोबर संपत आला असताना मी नाशिकहून निघाले. शाहूवाडी तालुक्यात, घाटमाथ्याजवळच्या एका वाडीच्या डोक्यावर बॉक्साइटची खाण येणार होती. अशा प्रकल्पाला पर्यावरणाची परवानगी देण्याआधी तिथल्या लोकांचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. त्याला जनसुनावणी म्हणतात. ती बघायची आणि जमलं तर लोकांना मदत करायची, एवढाच बेत होता. वाडीचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या लोकांचा अर्ज अजून कुणाच्या तरी टेबलावर आहे, आणि टेबलांना अर्ज आठवत नसले तरी नावं बरोबर आठवतात.

कोल्हापूरला सकाळी उतरले. स्टँडजवळच्या गाड्यावर मिसळ मागितली. पुढ्यात लालभडक कट आला आणि सोबत ब्रेडच्या चौकोनी चकत्या.

"पाव नाही का?"

"पावणं, मिसळीसंगं पाव तुमच्याकडं. आमच्यात ब्रेड." गाडेवाल्याने एका वाक्यात माझा जिल्हा बाहेरचा ठरवून टाकला. मग कुठे निघालात, कशाला निघालात, अशी चौकशी झाली. जनसुनावणी म्हटल्यावर तो कट ढवळत हसला.

"निकाल लागल्यालाच हाय की. उगं उन्हातनं कशाला जाताय?"

"तुम्ही कधी गेलाय सुनावणीला?"

"न्हाई बा."

"मग निकाल लागलाय हे कसं कळलं?"

"आवो, मंडप घातला म्हंजे लगीन ठरल्यालं असतंय. मंडपात कोन पोरगी बघाय जातंय व्हय?"

शेजारची दोन माणसं खो खो हसली. मला काही हसू आलं नाही. न जाता निकाल माहीत असलेली माणसं मला गावोगाव भेटतात, आणि त्यांच्यामुळेच निकाल तसा लागतो. हे मी त्याला सांगितलंही. "बरं, कट वाडू का आनि?" असं म्हणून त्याने वाढला. चव अशी होती की पुढचा मुद्दा राहून गेला.

मलकापूरची एसटी मिळाली. बांबवड्यापर्यंत दोन्हीकडे ऊसच ऊस, रस्ता जणू त्याच्या परवानगीने गेलेला. पुढे ऊस मागे हटतो, भाताची खाचरं सुरू होतात आणि पश्चिमेला डोंगर दिसू लागतात. गंमत म्हणजे त्यांना टोकं नाहीत. वरून सुरीने कापल्यासारखे सपाट. त्या सपाटीला इथे सडा म्हणतात. सड्याचा तांबडा जांभा दगड म्हणजेच ते बॉक्साइट, किंवा त्याचा शेजारी.

मलकापुरातून पुढे वडाप (माणसं कोंबून जाणारी जीप). माझी पिशवी टपावर गेली आणि तिच्या शेजारी कुणाची तरी दुधाची किटली. वाटेतल्या खड्ड्यांत किटलीचं झाकण उडालं. उतरले तेव्हा पिशवीतली खाणीच्या पर्यावरण अहवालाची जाडजूड प्रत दुधात भिजून फुगली होती. नाशिकमध्ये मी ती पानापानाला खुणा करून वाचली होती. मला रडू यायचं बाकी होतं. ड्रायव्हरने एक पान चिमटीत धरून उन्हाकडे केलं.

"इंग्रजी हाय व्हय? मग काय नुस्कान न्हाई. हितं कोन वाचनार हाय?"

त्याचं खरंच होतं, म्हणून जास्त राग आला. पूर्ण अहवाल इंग्रजीत. मराठीत फक्त सारांश, तोही असा की वाचणाऱ्याला आपणच अडाणी वाटावं.

वाडीत माझी सोय आक्काताईंकडे होती. वय साठीच्या पुढे, उंच, कपाळावर आडवं गोंदण, आवाज डोंगरापलीकडे पोचेल असा. सड्याच्या पायथ्याशी त्यांची चार खाचरं आणि नाचणीचा एक तुकडा. इथल्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'येते-जाते' न म्हणता 'येतो-जातो' म्हणतात. पहिल्या दिवशी जरा चमकायला होतं, दुसऱ्या दिवशी आपणही तसंच बोलू लागतो.

"चा पी, मग तुला झरा दावतो," त्या म्हणाल्या.

वीस मिनिटांची चढण. सड्याच्या कडेखाली, जिथे दगड संपून चिकट पांढरी माती लागते, तिथून पाणी बाहेर येत होतं. फार नाही, मनगटाएवढी धार. दगडाची डोणी, डोणीतून काळा पाइप, तो उतरत उतरत वाडीतल्या प्रत्येक घरापर्यंत. मोटार नाही, वीज नाही. सडा पावसाळाभर पाणी पितो आणि वर्षभर कडेने थोडं थोडं सोडतो. वरचा दगड काढला की पिणारं कुणी उरत नाही. हे मला कुणी शास्त्रज्ञाने नाही सांगितलं, आक्काताईंनी सांगितलं, डोणीतला पाला काढता काढता.

"मे म्हयन्यात?"

"करंगळीएवडी व्हती. तुटत न्हाई."

भिजलेल्या प्रतीतलं ते वाक्य मला पाठ होतं: प्रकल्पक्षेत्रात बारमाही जलस्रोत आढळला नाही. मी ते मराठीत सांगितलं. त्यांनी हातातला पाला बाजूला फेकला.

"आलती की मानसं. टोप्या घालून सड्यावर फिरत व्हती. मीच हाक मारून खाली घरला आनलं, उन्हाची हायत म्हनून. दोन दोन गलास ताक पिऊन गेली." मग झऱ्याकडे हात करून म्हणाल्या, "ह्या पान्याचं ताक!"

त्या अहवालावर माझे सतरा आक्षेप होते. सगळे मिळूनही या ताकाच्या तोडीचे नव्हते. उद्या हे एवढंच तुम्ही माइकवर सांगा, मी म्हटलं. झरा आहे, तो कागदात नाही, म्हणून कागद खोटा आहे. बाकी काही नको. झऱ्याची नोंद झाली तर अहवाल पुन्हा करावा लागण्याची निदान शक्यता होती. नोंद झाली नाही तर झरा आटला तरी कागदावर काहीच आटणार नव्हतं.

संध्याकाळी देवळासमोर बैठक होती. कोण काय बोलणार ते ठरवायला असेल असं मला वाटलं. पाऊण तास चर्चा झाली ती जेवणाची. सुनावणी घेणारे साहेब माळकरी असले तर? मटण ठेवायचं, पण शेजारी वांग्याचंही करायचं. आचारी कुठला? भाकऱ्या घरोघरी की एकाच चुलवणावर?

मला आधी वाटलं, कंपनी जेवण देते आहे. तसं नव्हतं. कंपनीने सगळ्यांसाठी जेवणाची पाकिटं आणतो म्हणून निरोप धाडला होता आणि वाडीने तो अपमान मानला होता. सरपंच दादूमामा, पन्नाशीचे, फौजेतून आलेले, मिशीला पीळ देत म्हणाले, "आमच्या दारात यिऊन पाकिटातलं खायाचं? मग आमी काय मेलोय व्हय?"

"मामा, ते तुमचा डोंगर न्यायला येतायत," मी म्हटलं.

"त्ये बोलाय लागल्यावर बघू की. दारात आला त्यो पावना."

"उपाशी मानसासंगं भांडून काय मजा?" आक्काताईंनीही त्यांचीच बाजू घेतली. "पोटभर घालायचं आनि पोटभर भांडायचं."

सगळे हसले. मी उभं राहून नियम सांगितला. सुनावणी संपताना झालेल्या चर्चेचा सारांश लोकांच्या भाषेत वाचून दाखवावाच लागतो. त्यात चूक असेल तर तिथेच सांगायचं. दिल्ली-मुंबईला तुमचे आवाज जात नाहीत, ते कागद जातात. म्हणून वाचन होईपर्यंत कुणीही उठायचं नाही. सगळ्यांनी "व्हय, व्हय, बराबर" म्हणून माना हलवल्या. मागून एकाने विचारलं, "तवर रस्सा गार व्हनार न्हाई न्हवं?"

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात मंडप होता. अकराची सुनावणी. साडेबारापर्यंत सत्कार चालले होते.

मी अतिशयोक्ती करत नाही. कोल्हापूर भागात व्यासपीठावर चढलेला माणूस फेट्याशिवाय उतरत नाही. सुनावणी घेणाऱ्या साहेबांना फेटा. त्यांच्या सोबतच्या बाईंना शाल. कंपनीच्या इंजिनिअरला गुलाबी फेटा, आणि बांधणाऱ्याने तुरा असा काढला की तो बिचारा नवरदेवच दिसायला लागला. प्रत्येकाला नारळ, प्रत्येकाचा फोटो. मग नाव पुकारलं गेलं, 'नाशकाहून खास आलेल्या पत्रकार ताई'. मी हात जोडून नको नको म्हणत होते.

"मान हाय. न्हाई म्हनायचं नसतंय," दादूमामा कानात ओरडले, आणि कुणीतरी माझं डोकं धरून फेटा गुंडाळायला लागलं. इंजिनिअरच्या शेजारी उभी करून माझाही फोटो काढला. खाणीला विरोध करायला मी साडेचारशे किलोमीटरवरून आले होते आणि पहिल्या दीड तासात खाणवाल्यासोबत, जुळ्या फेट्यात, हसताना टिपली गेले होते.

इंजिनिअरने पडद्यावर चित्रं दाखवली. उन्हात पडदा पांढराच दिसत होता. तो 'भूपृष्ठीय अपवाह' म्हणाला, 'शमन उपाययोजना' म्हणाला. पुढच्या रांगेतले म्हातारे आदराने मान हलवत होते. मग लोकांचं बोलणं सुरू झालं. दोघांनी रस्त्याचं विचारलं, एकाने नोकऱ्यांचं. मग आक्काताई उठल्या. माइक त्यांना नको होता, पण धरायला लावला.

"सायेब, लिवून घ्या. सड्याच्या कडंला झरा हाय. त्येच्यावर समदी वाडी जगतीया. तुमच्या कागदात त्यो न्हाई. कागदात न्हाई म्हंजे उद्या आटला तरी तुमी म्हननार, व्हता कुटं? तुमचीच मानसं त्येचं ताक पिऊन गेल्यात. मला नळ नगो, टँकर नगो, नोकरी नगो. झरा कागदात लिवा. आनि त्येच्या डोस्क्यावर खान नगो, ह्ये बी लिवा."

मंडप टाळ्यांनी हलला. "नोंद घेतली, आजी," साहेब म्हणाले. कारकुनाचं पेन चालताना मी स्वतः पाहिलं. आक्काताईंनी माइक परत दिला आणि पदर खोचून त्या थेट शाळेमागच्या चुलवणाकडे गेल्या. भाकऱ्या थापायच्या राहिल्या होत्या.

तासाभराने साहेब म्हणाले, "आता इतिवृत्त वाचून दाखवलं की आपण मोकळे."

नेमकं तेव्हाच पांढऱ्या रश्श्याचा वास मंडपात शिरला. दादूमामांनी माइक घेतला. "पावन्यांनी पंगतीला चलावं!"

"तुम्ही व्हा पुढे," साहेब सौजन्याने म्हणाले, "आम्ही एवढं उरकून येतोच."

सगळी वाडी उठली. अशी उठली की खुर्च्या पडल्या. पाहुणा ताटावर बसताना यजमान उभा नसेल तर गावाचं नाव जातं. कुणी पत्रावळ्या मांडायला धावलं, कुणी पाण्याच्या घागरी उचलल्या. मी ओरडले, "वाचन! वाचन राहिलंय!" दादूमामांनी माझ्या पिशवीचा पट्टाच धरला. "आवो सायबच म्हनलं की, उरकून येतो. चला, पयली पंगत पावन्यांची. तुमी बसल्याबिगार बाकीची बसनार न्हाईत."

आणि मी गेले. कुणी मला बांधून नेलं नाही. भूक लागली होती, वास सुटला होता, आणि डोक्यावर मानाचा फेटा होता. मी गेले.

रस्सा उत्तम होता. दुसऱ्यांदा वाटी पुढे केली तेव्हा शेजारच्या पाटावर कारकून येऊन बसला. साधा, घामेजलेला, सकाळपासून उपाशी माणूस.

"इतिवृत्त कधी वाचणार?" मी विचारलं.

"वाचलं की."

"कुणासमोर?"

"मंडपात."

"मंडपात कोण होतं?"

तो घास हातात धरून प्रामाणिकपणे आठवू लागला. "मंडपवाला व्हता. खुर्च्या गोळा कराय लागलाता."

त्याचं जेवण झाल्यावर मी प्रत बघायला मागितली. त्याने हात पुसून दिली, लपवाछपवी काही नाही. पहिलंच वाक्य होतं: 'ग्रामस्थांनी प्रकल्पाच्या प्रतिनिधींचे फेटे बांधून उत्स्फूर्त स्वागत केले.' मधे कुठेतरी: 'एका महिलेने पाण्याची सोय करण्याची मागणी केली, प्रकल्पाच्या प्रतिनिधींनी टँकर देण्याचे मान्य केले.' शेवटी: 'वाचून दाखवले, हरकत नाही.' खाली सही. सहीच्या वर तारीख.

चुलवणापाशी जाऊन मी ते आक्काताईंना वाचून दाखवलं. त्यांचे हात पिठाने भरले होते. आधी त्यांना कळेना मी कुणाबद्दल वाचते आहे.

"मी? पानी मागितलं?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "माझंच पानी मी त्यास्नी मागू?"

त्या तशाच पंगतीत शिरल्या आणि साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. साहेब जेवत होते. आक्काताई बोलेनात. मी खुणावलं, बोला ना. त्यांनी मान हलवली. जेवत्या माणसाला बोलायचं नसतं. साहेबांनी भात घेतला, त्या उभ्या. ताक मागितलं, यांनीच दिलं. मी दात आवळून बसले होते. शेवटी साहेब हात धुऊन गाडीकडे निघाले तेव्हा त्या आडव्या आल्या. "सायेब, मी पानी मागितलं न्हाई. झरा लिवा म्हनलं व्हतं."

"आजी, आता सही झाली. लेखी द्या," साहेब म्हणाले. "आणि जेवण, नाद खुळा बरं का!" फेटा मांडीवर ठेवून ते गेले.

त्या दुपारी मी वाडीला बरंच बोलले. दादूमामा ऐकून घेत होते. एकदाच म्हणाले, "ताई, तुमी बी ताटावर व्हतासा." एकमेकांवर चिडून झाल्यावर अर्ज लिहायला बसलो. मी तीन पानांचा लिहिला, कलमांसकट. आक्काताईंनी ऐकला आणि म्हणाल्या, "ह्यात मी कुटं हाय?" मग त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले. दीड पान झालं. ताकही आलं त्यात.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने आम्ही सातजण कोल्हापुरात कार्यालयात गेलो. साहेब दुसऱ्या सुनावणीला गेले होते. खिडकीपलीकडच्या माणसाने अर्ज घेतला आणि शिक्का शोधू लागला.

"इतिवृत्त दुरुस्त होईल ना?" मी विचारलं.

"सही झालेलं बदलत नाही. अर्ज सोबत जोडतो."

"जोडलेलं कोण वाचतं?"

"ज्याला वाचायचं तो वाचतो, मॅडम."

मी भांडायला तोंड उघडलं, तेवढ्यात आक्काताईंनी खिडकीतून हात घालून तो अर्ज शिक्क्याखालून ओढून घेतला.

"आदी वाच," त्या म्हणाल्या.

"घेतलाय ना आजी. शिक्का मारून देतो."

"शिक्का मागनं. आदी वाच. मोट्यानं."

मागे रांग वाढली. माणसं कुरकुरू लागली. दादूमामांनी मागे वळून एकदा रांगेकडे बघितलं, फौजेतल्यासारखं, आणि कुरकुर थांबली. खिडकीतला माणूस वैतागून वाचू लागला. आधी भराभर, मग त्यांनी "सावकास" म्हटल्यावर सावकाश. झऱ्याची जागा, पाइप घराघरापर्यंत कसा जातो, मे महिन्यातली धार. टेबलांवरची दोन-तीन डोकी वर झाली. ताकाच्या वाक्याला तो अडखळला आणि त्याने वर बघितलं. "खरंच प्यायले?"

"दोन दोन गलास."

एका ठिकाणी त्याने 'विहीर' वाचलं. माझं अक्षर नव्हे, त्याची घाई. "झरा," आक्काताई म्हणाल्या. त्याने ओळ पुन्हा वाचली. संपल्यावर शिक्का मारून पोच दिली. त्या पोचेवरही काय लिहिलंय ते त्यांनी वाचून घेतलं, मगच ती ब्लाउजमध्ये ठेवली.

स्टँडवर निरोप घेताना त्या म्हणाल्या, "जेवाय कवाबी ये. सुनावनीला यायचं असंल तर मातूर घरनं खाऊन ये." सगळे हसले. मीही हसले, पण ते लागायचं तिथे लागलं.

एसटी किणी टोलनाका ओलांडून गेली तरी माझं डोकं थंड होत नव्हतं. मला कट सापडला असता तर बरं वाटलं असतं. कटाविरुद्ध पत्रक लिहिता येतं. इथे कुणी कट केलाच नव्हता. साहेबांना पुढची सुनावणी होती, कारकुनाला भूक होती, वाडीला लाज राखायची होती, मला मान मिळाला होता. प्रत्येकाने आपापल्या परीने सभ्यपणा केला आणि झरा कागदातून गेला. लोकांचं म्हणणं ऐकून घेण्याची एवढी मोठी व्यवस्था उभी केली आहे, आणि ती मोडायला एक वाटी रस्सा पुरतो. अर्जाचं पुढे काय झालं, अजून कळलेलं नाही. दर पंधरा दिवसांनी मी विचारते, आणि प्रक्रियेत आहे असं उत्तर येतं. झरा सध्या वाहतो आहे.

म्हणून एक मागणं आहे. या सुनावण्यांच्या नोटिसा वर्तमानपत्रात बारीक अक्षरात, आतल्या पानावर येतात. तुमच्या तालुक्याची नोटीस शोधा आणि त्या दिवशी जा. बोलला नाहीत तरी चालेल, प्रकल्प तुम्हाला हवा असो वा नको. फक्त इतिवृत्त तुमच्या भाषेत, भरल्या मंडपात, शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं जाईपर्यंत खुर्ची सोडू नका. आणि त्यात एखाद्या बाईचं म्हणणं तिने म्हटलं तसं नसेल, तर उभे राहा, आणि ते दुरुस्त होऊन पुन्हा वाचलं जाईपर्यंत कुणालाही सही करू देऊ नका.